आईचं वजन जास्त, शुगर आहे आणि गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय: रक्ताच्या गुठळीची भीती कितपत खरी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ५८ वर्षांची, उंची पाच फूट, वजन ९२ किलो, बरीच वर्षं शुगर. उजवा गुडघा पुढच्या महिन्यात बदलायचा आहे. सर्जन म्हणाले, वजन आणि शुगर दोन्ही असल्याने गुठळीचा धोका जास्त. पण आई तर रोज इकोस्प्रिन घेते, मग धोका कसला? आणि वजनाचा नि साखरेचा रक्त गोठण्याशी संबंध तरी काय?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. परळ-लालबाग भागात सोनोग्राफी आणि पायांचे डॉपलर करते, म्हणजे गुठळी आहे की नाही हे बघायचं काम माझ्याकडे येतं. औषध आणि डोस ठरवणं हे सर्जनचं आणि फिजिशियनचं काम, त्यात मी पडत नाही. बाकी सांगते.

आधी एक गोंधळ काढून टाकू, कारण तुमच्या प्रश्नात तोच आहे. आपल्याकडे सगळ्याच गुठळ्या एका पिशवीत टाकतात. प्रत्यक्षात धमनीतली गुठळी आणि शिरेतली गुठळी ही दोन वेगळी दुखणी आहेत. धमनीत रक्त जोरात वाहतं. तिथे आतल्या अस्तराखाली वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो, एके दिवशी तो फाटतो आणि फाटल्या जागी प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या बारीक चिकट पेशी, धावून येऊन चिकटतात. हार्ट अटॅक, बहुतेक लकवे, डायबिटीसवाल्यांचं पायाचं बोट काळं पडणं, हे सगळं या बाजूचं. शिरेत रक्त संथ असतं. तिथली गुठळी मुख्यतः फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी आणि त्यात अडकलेल्या लाल पेशी यांची असते. ती बहुधा पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत धरते, तिला डीव्हीटी म्हणतात. तिचा तुकडा सुटला तर तो वर सरकत हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. ऑपरेशननंतर सर्जनला धास्ती असते ती याची.

आता इकोस्प्रिन. म्हणजे ॲस्पिरिन. ते प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणून धमनीच्या बाजूला त्याचा उपयोग मोठा. शिरेतल्या गुठळीत प्लेटलेटचा वाटा कमी, त्यामुळे तिथे त्याचं बळ तोकडं पडतं. अगदी निरुपयोगी नाही. गुडघा बदलल्यानंतर काही सर्जन गुठळी टाळण्यासाठी ॲस्पिरिन देतातही. पण ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात खुबा किंवा गुडघा बदललेल्यांना ॲस्पिरिन आणि एनॉक्सापॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं इंजेक्शन यांची तुलना केली, तेव्हा ९० दिवसांत त्रास देणारी गुठळी ॲस्पिरिनवाल्यांत ३.४५ टक्के आणि इंजेक्शनवाल्यांत १.८२ टक्के निघाली. जास्तीच्या गुठळ्या बहुतेक गुडघ्याखालच्या होत्या, हेही खरं. तेव्हा ‘आई इकोस्प्रिन घेते म्हणजे काळजी मिटली’ असं धरून चालू नका.

वजन आणि शुगर यांच्यापैकी शिरेच्या गुठळीला जास्त जबाबदार कोण, असं मला विचाराल तर मी वजनाकडे बोट दाखवीन. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, ३० च्या पुढे गेला की शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो, आणि हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तुमच्या आईचा बीएमआय ४० च्या जवळ येतो. शुगरचं तसं नाही. शुगर धमन्यांचं वाटोळं करते यात वादच नाही. शिरेच्या गुठळीशी तिचा थेट संबंध मात्र काही अभ्यासांत दिसतो, काहींत वजनाचा हिशेब वेगळा काढला की जवळपास विरून जातो. ती आडवाटेने येते, त्याबद्दल पुढे.

रक्त नको तिथे का गोठतं याची तीन कारणं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी रुडॉल्फ व्हिर्चो या जर्मन डॉक्टरच्या अभ्यासातून पुढे आली आणि आजही मेडिकलच्या मुलांना ती त्याच्याच नावाने पाठ करावी लागतात: रक्त संथ होणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं आणि रक्त स्वतःच गोठायला उतावीळ असणं. (१३ ऑक्टोबरला जागतिक थ्रोम्बोसिस दिन पाळतात, तो याच गृहस्थाचा वाढदिवस.) जास्त वजन या तिन्हीत हात घालतं.

संथपणाचं समजायला सोपं आहे. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीचे स्नायू आवळल्यामुळे आणि शिरांमधल्या झडपांमुळे. वर पोटात चरबी भरलेली असली की पोटातला दाब वाढतो, जांघेतून वर जाणाऱ्या शिरेला पुढे वाट मोकळी मिळत नाही. डॉपलरवर हे दिसतं: अशा माणसाची जांघेतली शीर फुगलेली असते आणि तिच्यातला प्रवाह मंद. त्यात गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद. आमच्या भागातल्या चाळींत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, लिफ्ट नसलेली कितीतरी माणसं गुडघ्यापायी महिनोन्‌महिने खाली उतरलेली नसतात. भाजी मुलगा आणतो, औषधं सून आणते, आणि पोटरीचा पंप ऑपरेशनच्या आधीपासूनच बंद पडलेला असतो.

रासायनिक भाग कमी लोकांना माहीत असतो. पोटातली चरबी नुसती साठवणीची जागा नाही, ती ग्रंथीसारखी रसायनं सोडते. आपल्या शरीरात गुठळ्या विरघळवायची सोय असते: रक्तवाहिनीचं अस्तर टीपीए नावाचा पदार्थ सोडतं, त्यातून प्लाझ्मिन तयार होतं आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे तोडतं. या टीपीएला अडवणारं एक प्रथिन आहे, पीएआय-१. पोटाच्या चरबीतून तेच भरपूर सुटतं. म्हणजे बारीकसारीक गुठळी, जी तुमच्या-माझ्या पायात झाली तर बिनबोभाट विरघळून जाईल, ती जाड माणसाच्या शिरेत टिकून राहते आणि वाढते. शिवाय चरबीतून सूज वाढवणारी द्रव्यं सतत झिरपत असतात. ती लिव्हरला फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांचा कच्चा माल, जास्त बनवायला लावतात, अस्तराला चिडवत ठेवतात. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी आठव्या घटकाची पातळीही जाड लोकांत जास्त असते. यातली बरी गोष्ट एवढीच की वजन उतरलं की पीएआय-१ ही उतरतं.

इथे कोणी म्हणेल, आमच्या घरात कोणी एवढं जाड नाही. पोट बघा. भारतीय माणसाचं वजन काट्यावर ठीक असलं तरी चरबी पोटात साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगापुढे मांडलं. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच होता, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे फोटो शेजारी-शेजारी छापून आले होते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २५ लाच लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर यापुढे गेली तर पोट वाढलंय असं मानतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत डायबिटीसचे रुग्ण १०.१ कोटी निघाले. गुडघे बदलायला येणाऱ्यांत पोट आणि शुगर जोडीनेच दिसतात, त्यामुळे कोणाचं किती हे व्यवहारात वेगळं काढणं कठीण होतं.

शुगर काय करते? साखर जशी हिमोग्लोबिनला चिकटते (तेच आपण एचबीएवनसी म्हणून मोजतो) तशीच ती इतर प्रथिनांनाही चिकटते, फायब्रिनोजेन त्यातलंच एक. मग जी जाळी विणली जाते ती दाट आणि चिवट होते, प्लाझ्मिनला सहज तुटत नाही. प्लेटलेट थोड्याशा कारणाने चिकटायला लागतात. अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड कमी सुटतं, म्हणजे रक्तवाहिनी सैल ठेवणारा आणि प्लेटलेटना लांब ठेवणारा पदार्थच कमी पडतो. एवढं सगळं वाचून वाटेल की शिरेतही गुठळ्या धडाधड व्हायला हव्यात. तसं आकड्यांत दिसत नाही. फटका मुख्यतः धमन्यांना बसतो.

आडवाट अशी. शुगर असलेला माणूस अंथरुणाला लवकर खिळतो. पायाला जखम होते, ती चिघळते, आठवडे ड्रेसिंग, कधी बोट कापावं लागतं, तोवर चालणं बंद. इन्फेक्शनमुळे रक्त आणखी गोठू लागतं. साखर खूप चढली तर लघवीवाटे पाणी जातं, शरीर कोरडं पडतं, रक्त दाट होतं. आठवून बघा, कोविडच्या लाटेत मुंबईत डी-डायमर (गुठळी तुटताना रक्तात उतरणारे तुकडे मोजायची तपासणी) हा शब्द रिक्षावाल्यांनाही पाठ झाला होता, आणि तेव्हा सगळ्यात वाईट अवस्थेत जाणाऱ्यांत जाड आणि शुगरवाले किती होते. इन्फेक्शन, पडून राहणं, पोट, साखर सगळं एकदम जुळून आलं की असं होतं.

आता तुमच्या आईकडे. आकड्याचं भान ठेवा. साधारण माणसांत शिरेतली गुठळी वर्षाला हजारी एक-दोघांना होते, असे पाश्चात्त्य देशांतले आकडे आहेत. त्याच्या दुप्पट-तिप्पट म्हटलं तरी घरात बसल्या-बसल्या घाबरावं असं काही नाही. वजनाचा धोका खरा उसळतो तो त्यात दुसरं कारण मिसळलं की. गुडघा बदलणं हे त्यातलं फार मोठं कारण आहे: ऑपरेशनच्या वेळी मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवतात, हाड कापतात, नंतर पाय दुखतो म्हणून हलवत नाहीत. पूर्वी, गुठळीचं औषध न देता ऑपरेशन व्हायचं तेव्हा, डाय टाकून शिरांचे एक्स-रे काढले तर जवळजवळ निम्म्या लोकांत लहानमोठी गुठळी सापडायची. बहुतेकांना कळायचंही नाही. आज इंजेक्शन किंवा गोळी देतात, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करून चालवतात, त्यामुळे त्रास देणारी गुठळी फार थोड्यांना होते. सर्जन धोका आधी बोलून दाखवतोय ही चांगली खूण आहे.

माझ्या टेबलावर काय होतं तेही सांगते. पाय सुजलेला पेशंट येतो, जांघेत जेल लावते आणि प्रोब, म्हणजे सोनोग्राफी मशीनचा हातात धरायचा भाग, ठेवून दाबते. स्क्रीनवर दोन काळी वर्तुळं शेजारी दिसतात, एक धमनी, एक शीर. दाबलं की निरोगी शीर पापणी मिटावी तशी मिटते, धमनी मात्र गोल राहून ठोके देत असते. दोन-दोन सेंटिमीटर खाली सरकत गुडघ्यामागपर्यंत असंच दाबत जायचं. जिथे शीर मिटत नाही तिथे गुठळी. ताजी गुठळी पडद्यावर रक्तासारखीच काळी दिसते, डोळ्यांनी कळतच नाही, हाताला कळते. जाड पेशंटची पंचाईत इथेही होते. शीर चरबीत खोल असते, नेहमीचा सपाट प्रोब पोचत नाही, पोटाच्या सोनोग्राफीचा गोल प्रोब घ्यावा लागतो. नातेवाइकाला पोट वर धरून ठेवायला सांगावं लागतं तेव्हा कुठे जांघ मोकळी होते. जांघेच्या वरच्या शिरा तर गॅस आणि चरबीमागे कित्येकदा दिसतच नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि पाय तरी वाढतच गेला, तर ‘डॉपलर झालंय की’ म्हणून गप्प बसू नका, काही दिवसांनी पुन्हा करून घ्या किंवा सीटीबद्दल विचारा. डी-डायमर स्वतःहून करायला मात्र जाऊ नका. ऑपरेशननंतर ते सगळ्यांचंच वाढलेलं असतं, त्यावरून काहीच ठरत नाही.

सर्जनला विचारायचं ते हे. गुठळीसाठी नेमकं काय देणार आणि किती दिवस? किमान दहा-चौदा दिवस, कित्येकदा ३५ दिवसांपर्यंत देतात, म्हणजे घरी आल्यावरही पोटात इंजेक्शन किंवा गोळी चालू राहील. बीएमआय ४० च्या आसपास असला की इंजेक्शनचा नेहमीचा डोस पुरतो का हे बघावं लागतं. उलट बऱ्याच वर्षांच्या शुगरमुळे किडनी कमजोर असेल तर हीच औषधं शरीरात साचून रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट हातात असू द्या. एचबीएवनसी अनेक सर्जन साडेसात-आठच्या आत मागतात, ते मुख्यतः इन्फेक्शनसाठी. आईला स्टेंट असेल तर इकोस्प्रिन बंद करायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी ठरवू नका.

पायमोज्यांचं एक. मेडिकलच्या दुकानातून घट्ट स्टॉकिंग आणून चढवायची घाई करू नका. शुगर जुनी असेल तर पायाच्या धमन्याच अरुंद झालेल्या असू शकतात, वर घट्ट मोजा चढला की रक्त पोचत नाही, आणि पाय बधिर असल्याने मोजा रुततोय हेही आईला कळणार नाही. आधी पायाचे ठोके तपासून घ्या. पोटरीवर हवा भरणारी मशीन असते, तिच्याबद्दलही विचारा.

घरी आल्यावर. गुडघा बदललेला पाय सगळ्यांचाच सुजतो, त्यामुळे नुसत्या सुजेवरून घाबरू नका. शिंप्याची टेप घ्या, गुडघ्याखाली चार बोटांवर पेनने खूण करा आणि रोज सकाळी दोन्ही पोटऱ्या तिथेच मोजा. सूज रोज थोडी उतरली पाहिजे. उतरता-उतरता एकदम वाढली, पोटरी कडक आणि गरम लागली, सूज मांडीवर चढली तर त्याच दिवशी दाखवा. लाल, गरम पाय म्हणजे कधी त्वचेखालचं इन्फेक्शनही असतं, शुगरवाल्यांत ते खूप दिसतं, पण ते घरी ओळखता येत नाही. आणि बधिरपणामुळे आईला दुखणारच नाही अशीही शक्यता आहे, म्हणून टेपवर भरवसा ठेवा. बसल्या जागी, पडल्या जागी पावलं वर-खाली हलवत राहायला सांगा. आणि कृपा करून त्या पोटरीला तेल लावून चोळायला कोणाला बसवू नका. शेजारच्या काकू येऊन हमखास सुचवणार. गुठळी असलेला पाय रगडला तर ती सुटून वर जायची भीती असते.

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, चक्कर येऊन आई खाली बसली तर डॉपलरच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा किंवा जवळच्या कॅज्युअल्टीत न्यायचं.

थोडं विषयांतर, पण हे वाचणाऱ्या बायकांसाठी सांगायलाच हवं. दर गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. ती नॉरएथिस्टेरॉन. दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेतल्या की तिचा थोडा अंश शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिओलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतल्याच हार्मोनमध्ये. जाड बाई आणि इस्ट्रोजेनची गोळी या जोडीने शिरेच्या गुठळीचा धोका नॉर्मल वजनाच्या, गोळी न घेणाऱ्या बाईच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त होतो. त्यावर मुंबई-गोवा हायवेवर रात्रभर पाय लटकवून एसटीत बसायचं. चार तासांपेक्षा लांब प्रवासाने एकट्याने धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं होतं. गणपती उरकून परत आलेल्या, एक पाय सुजलेल्या बायका माझ्याकडे येतात, आणि ‘काही गोळी चालू होती का’ या प्रश्नावर आधी नाही म्हणतात, कारण पाळीच्या गोळीला त्या गोळी धरतच नाहीत. वजन जास्त असेल, आधी कधी गुठळी झाली असेल किंवा घरात आई-बहिणीला झाली असेल तर ती गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

हे तुमच्या आईलाही लागू आहे. पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी हार्मोनची गोळी चालू असेल, किंवा कोणी ‘हाडांसाठी’ म्हणून काही सुरू केलं असेल, तर सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून सर्जनसमोर ठेवा. इकोस्प्रिनचंही पाकीट त्यात असू द्या.